पडद्यावरचा मासा कोणता?

1935 साली नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी लोफोटेन बेटांजवळच्या कॉडचा प्रतिध्वनी-आलेख ‘नेचर’मध्ये छापला. समुद्रतळाच्या रेघेवर तरंगणारा एक काळसर पट्टा, एवढंच त्यात होतं. पण तो कॉडच याबद्दल वाद नव्हता, कारण हिवाळ्यात अंडी घालायला तिथं कॉडच लोटतो आणि होड्याही तोच ओढत असतात. यंत्रानं जागा दाखवली. नाव हंगामानं सांगितलं.

यंत्र मुळात माशांसाठी नव्हतंच. पहिल्या महायुद्धात फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ पाण्यात ध्वनी सोडत होते ते पाणबुड्या हेरायला. 1948 साली जपानच्या फुरुनो बंधूंनी मच्छीमारांसाठी फिशफाइंडर बाजारात आणला. आपल्याकडच्या ट्रॉलरवर तांडेलासमोर असतो तो त्याच वंशातला.

ओळखीचा पहिला खरा धागा मिळाला माशाच्या पोटात. ध्वनी मांसापेक्षा हवेवरून कितीतरी जोरानं परततो. वाताशय म्हणजे हवेची पिशवी असलेल्या माशाचा प्रतिध्वनी बहुतांशी त्या पिशवीचाच असतो. (घोळ ज्या पिशवीसाठी बाजारात भाव खाते, तीच ही.) अटलांटिकमधल्या बांगड्याला मात्र वाताशय नसतं. म्हणून तो 38 किलोहर्ट्झवर फिका आणि 200 किलोहर्ट्झवर ठळक उमटतो. उणिवेवरूनच त्याला ओळखता येऊ लागलं. तरी हा सगळा हिशेब थव्यांचा. सुटा मासा पडद्यावर ठिपकाच राहिला.

त्या ठिपक्याला अंग दिलं ते पुन्हा लष्करानंच. गढूळ पाण्यात पाणसुरुंग आणि घुसखोर ओळखता यावेत म्हणून अमेरिकी नौदलासाठी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ‘डिडसन’ हा ध्वनी-कॅमेरा तयार झाला. डोळ्यातल्या भिंगासारखी ध्वनीची भिंगं, सेकंदाला 18 लाख कंपनं, 96 अरुंद झोत. काही वर्षांतच तो अलास्कात सॅमन मोजायला लागला.

तिथल्या केनाई नदीत हिमनदीचा गाळ वाहतो, त्यामुळे कॅमेरा निरुपयोगी. डिडसनच्या पंख्यासारख्या चौकटीत वरून पाहिल्यासारखा मासा दिसतो: रवाळ, उजळ, वळवळणारा. रंग नाही, खवले नाहीत. चिनूक जातीच्या सॅमनची ओळख सांगणारे काळे ठिपके आणि काळ्या हिरड्या ध्वनीला दिसतच नाहीत. तेव्हा तंत्रज्ञ चित्र थांबवतो, तोंडापासून शेपटीपर्यंत माउसनं रेघ ओढतो आणि लांबी घेतो. खूप लांब असेल तर चिनूक. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की शेपटीचे फटकारेही मोजता येतात: सॉकाय हा लहान जातीचा सॅमन भराभर मारतो, मोठा चिनूक सावकाश. जर्मन संशोधकांनी तर तळावर पडणाऱ्या ध्वनीच्या सावलीत माशाचा आकार शोधला. माझ्या मते या कुळकथेतली सर्वांत चलाख युक्ती हीच, कारण वरून काठीसारखा दिसणारा मासा सावलीत कुशीवर वळतो आणि पर दाखवतो.

लहान चिनूक आणि सॉकाय यांची लांबी सारखीच निघते, तिथं मात्र सगळं अडतं. त्यासाठी नदीत अजून जाळं टाकून नमुने घ्यावे लागतात. अलास्काच्या मत्स्यखात्यानं शेवटी व्यवहारी वाट काढली: डोळ्याच्या मध्यापासून शेपटीच्या खाचेपर्यंत 75 सेंटिमीटर किंवा अधिक भरतील त्याच चिनूकवर, केनाईत अंडी घालायला किती मासे पोचायला हवेत याचं उद्दिष्ट ठरवायचं. त्याहून लहान चिनूक नदी चढतातच, फक्त त्या आकड्यात धरले जात नाहीत.