लोखंडी पडदा

ललितकलादर्श नाटक मंडळीचे संस्थापक, गायक नट केशवराव भोसले यांची जयंती ९ ऑगस्टला येते. २०२४ साली तिच्या आदल्याच रात्री कोल्हापुरातील त्यांच्या नावाचे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. राजर्षी शाहू छत्रपतींच्या काळी, १९१५ साली, ‘पॅलेस थिएटर’ म्हणून रसिकांना खुली झालेली ही वास्तू. दगडी दर्शनी भाग तेवढा तगला. रंगमंच आणि प्रेक्षागृह दोन्ही गेली. प्रयोग चालू नव्हता, म्हणून प्राणहानी टळली. तो चालू असता तर, या विचाराने अंगावर काटा येतो.

मराठी रंगभूमीने पडद्याकडे पाहिले ते शोभेची वस्तू म्हणून. राजवाडा, अरण्य, नदीकाठ हे सारे कापडावर रंगवलेले. आणि आगीला याहून आवडते खाद्य कोणते? त्यातून रंगमंचावरील उंच पोकळी धुराड्याचे काम करते. तेथे ज्वाळा उठली की रंगमंच वाचवणे दुरापास्तच. वाचवायचे असतात ते प्रेक्षक, आणि त्यासाठी हवी असतात चारदोन मिनिटे. ती मिळवून देणारा पडदा म्हणजे संरक्षक पडदा.

लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहाने १७९४ मध्ये असा लोखंडी पडदा बसवला होता. राजकारणात पुढे गाजलेला शब्द मूळचा नाट्यगृहाचा, तो असा. पोलादी चौकटीवर न जळणारे कापड वा पत्रा, दोन्ही बाजूंना खोबणी, आणि कळ सोडताच स्वतःच्या वजनाने खाली येण्याची सोय, ही त्याची रचना. वरून पाण्याची धार धरतात. रंगमंचाच्या छतातील झडपा उघडून धुराला वाट देतात, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची.

१९०३ च्या डिसेंबरात शिकागोच्या इरोक्वा नाट्यगृहात हा पडदा अर्ध्यावर अडकला. मागचे दार उघडताच वारा आत घुसला आणि ज्वाळा पडद्याखालून प्रेक्षागृहात शिरल्या. सुमारे ६०० माणसे दगावली. त्यांत बायकामुलेच अधिक. ‘अग्निरोधक’ म्हणून त्या इमारतीची जाहिरात झाली होती! उलट ९ मे १९११ रोजी एडिंबरोत जादूगार लाफायेत याच्या प्रयोगात आग भडकली, तेव्हा पडदा वेळेवर उतरला. सुमारे ३००० प्रेक्षक सुखरूप बाहेर पडले. पडद्यामागे मात्र खुद्द लाफायेत आणि त्याचे सहकारी होरपळून मेले.

म्हणूनच ब्रिटनमध्ये हा पडदा प्रयोगाच्या वेळी एकदा प्रेक्षकांसमक्ष उतरवून दाखवण्याची प्रथा पडली. तो बहुधा मध्यंतरात उतरतो, प्रेक्षक चहापाण्यासाठी उठलेले असताना.