चाकणचा वेढा पटावर : मूठभर शिबंदी, हजारोंची फौज आणि तरीही तुल्यबळ डाव

१/ चाकण म्हटले की आज वाहनांचे कारखाने आणि महामार्गावरची मालमोटारींची रांग डोळ्यांपुढे येते. त्याच गावात संग्रामदुर्ग या भुईकोट किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. १६६० च्या पावसाळ्यात या किल्ल्याने ५६ दिवस वेढा सोसला. हा वेढा टेबलावरच्या युद्धखेळात, म्हणजे वॉरगेममध्ये, मांडायचा ठरवला की पहिल्याच डावात पेच पडतो. #थ्रेड

२/ पेच संख्येचा आहे. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांच्याकडची शिबंदी काही शेकड्यांची; ती साधारण तीनशे ते साडेतीनशे असल्याचे सांगितले जाते. समोर शायिस्ताखानाची हजारोंची फौज आणि तोफा. या संख्या जशाच्या तशा पटावर ठेवल्या तर मोगल बाजूचा खेळाडू दर वेळी जिंकतो. दुसऱ्याला फक्त हरण्याची वाट पाहावी लागते. असा डाव पुन्हा कोण मांडेल?

३/ हा पेच या खेळाइतकाच जुना आहे. बुद्धिबळात दोन्हीकडे सोळा सोंगट्या असतात, त्यामुळे समतोलाचा प्रश्न उद्भवत नाही. १८२४ मध्ये प्रशियाचा अधिकारी राइसविट्झ याने नकाशा, फासे आणि पंच यांच्या आधारे सैन्यशिक्षणाचा खेळ सिद्ध केला. तेव्हापासून खरी भूमी, अपुरी माहिती आणि नशीब या तीन गोष्टी पटावर आल्या.

४/ पुढे अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स याने १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ हा काल्पनिक देशांच्या युद्धाचा खेळ बाजारात आणला. १९५८ मध्ये त्याचाच ‘गेटिसबर्ग’ आला, तो प्रत्यक्ष घडलेल्या लढाईवर. कल्पनेतील सैन्ये समसमान ठेवता येतात. खऱ्या लढाया मात्र क्वचितच समसमान असतात.

५/ चाकणसाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे मावळ्यांच्या सोंगटीला दहापट बळ देणे. डाव लगेच समतोल होतो, पण इतिहास हातचा जातो. एक मावळा दहा जणांना सहज भारी पडत असेल, तर फिरंगोजींनी धोका तरी कोणता पत्करला? बळ फुगवले की शौर्य आपोआप लहान होते.

६/ दुसरा उपाय मोगल सैन्य कमी करण्याचा. तोही तितकाच लटका. म्हणून सोंगट्यांना हात न लावता आधी प्रश्न बदलावा. ‘किल्ला कोणाकडे गेला?’ याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. ‘किल्ला घेण्यास किती दिवस लागले आणि त्याची किंमत काय पडली?’ हा खरा प्रश्न. दोन्ही बाजू त्याच्यासाठी झुंजू शकतात.

७/ हा प्रश्न कृत्रिम नाही. शायिस्ताखान ९ मे १६६० रोजी पुण्यात आला. पुण्याच्या उत्तरेस असलेले चाकण जुन्नर आणि अहमदनगरकडच्या त्याच्या रसदीच्या वाटांवर डोळा ठेवून होते. पावसाळ्यात पुण्यात तळ ठेवायचा, तर हा काटा काढणे भाग होते. २१ जूनला फौज चाकणपुढे उतरली आणि वेढा पडला.

८/ त्याच वेळी शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले होते. १२ जुलैच्या रात्री ते तेथून निसटले आणि विशाळगडाकडे गेले. स्वराज्यावर दोन बाजूंनी संकट आले असताना मोगलांची मोठी फौज चाकणपुढे खोळंबून राहिली. तिचा प्रत्येक दिवस मोलाचा होता.

९/ आता पटाची मांडणी. एक फेरी म्हणजे सात दिवस धरावी. इतिहासातील ५६ दिवसांच्या बरोबर आठ फेऱ्या होतात आणि एका संध्याकाळी डाव संपतो. मोगलांची एक सोंगटी शंभर माणसांची, शिबंदीची पंचवीस माणसांची. मोजमाप वेगवेगळे ठेवल्याने शिबंदीच्या खेळाडूलाही बारा सोंगट्या हाताळता येतात आणि खरे प्रमाण बिघडत नाही.

१०/ जयाचे निकष असे ठेवता येतात. सहाव्या फेरीअखेर किल्ला पडला तर मोगलांचा जय. नवव्या फेरीपर्यंत टिकला तर किल्लेदाराचा जय. सातव्या किंवा आठव्या फेरीत पडला तर मोगलांची हानी मोजावी : आठ सोंगट्या किंवा कमी गेल्या तर मोगलांचा जय, नऊ गेल्या तर बरोबरी, त्याहून अधिक गेल्या तर किल्लेदाराचा.

११/ नऊ हा आकडा मनाला आला म्हणून घेतलेला नाही. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी मोगलांची हानी २६८ ठार आणि ६०० जखमी अशी दिली आहे. एकूण ८६८, म्हणजे जवळपास नऊ सोंगट्या. प्रत्यक्षात जे घडले ते पटावर बरोबरी ठरते. प्रत्येक खेळाडूला शायिस्ताखानापेक्षा किंवा फिरंगोजींपेक्षा थोडे सरस ठरण्याची संधी मिळते.

१२/ समतोल साधला तरी रंगत आपोआप येत नाही. वेढ्यात आतला खेळाडू नुसता बसून राहिला तर तो कंटाळणारच. म्हणून त्याला प्रत्येक फेरीत एकच निवड द्यावी : रात्री छापा घालणे, तटाची डागडुजी करणे, दारूगोळा राखणे किंवा बुरुजाच्या आत मातीचा बांध घालणे. सगळे एकदम करता येत नाही. कोंडलेल्या किल्लेदाराची ओढाताण पटावर येते ती याच नियमातून.

१३/ मोगल खेळाडूपुढे दोन वाटा : थेट हल्ला किंवा सुरुंग. हल्ला झटपट होतो, पण माणसे खातो. सुरुंगाला वेळ लागतो. त्यात पावसाचा फासा दर फेरीला पडतो. दारू भिजली की भुयाराचे काम एक फेरी मागे जाते. चाकण भुईकोट आहे. दिवाळीत अंगणात रचतात त्या मातीच्या किल्ल्यासारखी त्याला चढण नाही. त्याचा आधार म्हणजे तट, खंदक आणि आषाढ-श्रावणाचा पाऊस.

१४/ डावाचा जीव आहे तो गुप्ततेत. कोणत्या बुरुजाखाली सुरुंग खणायचा ते मोगल खेळाडूने चिठ्ठीवर लिहून घडी घालावी. किल्लेदाराने अंदाजाने एका बुरुजामागे बांध घालावा. १४ ऑगस्ट १६६० रोजी दुपारी सुरुंगाने बुरूज उडाला आणि मोगल आत घुसू लागले, तेव्हा त्यांच्यापुढे मातीचा बांध उभा होता. त्याच्या आडून शिबंदी रात्रभर झुंजली.

१५/ पन्हाळ्याची बातमीही पटावर यावी. १३ जुलै हा वेढ्याचा तेविसावा दिवस, म्हणजे चौथी फेरी. चाकणला कुमक पोहोचली नाही, म्हणून किल्लेदाराला जादा सोंगट्या देऊ नयेत. पण बाहेरून छापा पडेल ही धास्ती वेढा घालणाऱ्याला असतेच. तेव्हा चौथ्या फेरीपासून मोगलांच्या दोन सोंगट्या पाठीमागच्या पहाऱ्यावर अडकवाव्यात. एवढ्याने डावाचा काटा हलतो.

१६/ सर्वांत अवघड नियम शेवटचा : शरण कधी जायचे? १५ ऑगस्टला मोगलांनी किल्ला घेतला, पुष्कळ माणसे पडली, उरलेली बालेकिल्ल्यात हटली. मग राव भावसिंह हाडा यांच्या मध्यस्थीने बोलणे झाले आणि किल्ला सोपवला गेला. पटावर मात्र खेळाडू शेवटची सोंगटीही बेफिकीरपणे झुंजवतो, कारण लाकडी सोंगटीला घर नसते.

१७/ म्हणून बोलणी करून जिवंत बाहेर काढलेल्या शिबंदीच्या प्रत्येक तीन सोंगट्यांमागे मोगलांच्या हानीत एक सोंगटी अधिक धरावी. मग किल्लेदाराला दर फेरीला विचार करावा लागतो : आणखी सात दिवस लढायचे की माणसे वाचवायची? फिरंगोजींपुढचा पेच यापेक्षा वेगळा नसावा. शायिस्ताखानाने त्यांना मोगल चाकरी देऊ केली. ती नाकारून ते शिवाजी महाराजांकडे परतले आणि महाराजांनी त्यांचा सन्मान केला.

१८/ आता पारख. तेच दोन खेळाडू बाजू बदलून किमान सहा डाव खेळोत. एकच बाजू पाच वेळा जिंकली तर दुरुस्ती करावी, पण एका वेळी एकच. आधी पावसाचा फासा, मग हानीची मर्यादा, शेवटी फेऱ्यांची संख्या. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. माणसांची संख्या मात्र जशी आहे तशीच राहू द्यावी.

१९/ वेढ्यानंतर शायिस्ताखान पुण्यात परतला आणि उरलेला पावसाळा त्याने तेथेच घालवला. सपाटीवरच्या एका लहान किल्ल्याला इतके दिवस लागले, तर सह्याद्रीच्या गडांना किती लागतील, हा हिशेब त्याच्यापुढे होता. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालावर छापा पडला, तोवर हा हिशेब सुटलेला नव्हता.

२०/ ‘चाकण पडले’ हे वाक्य खरे आहे, पण ते शेवटच्या फेरीचे वाक्य आहे. आधीच्या सात फेऱ्या ज्याने खेळून पाहिल्या, त्याला गावातून जाताना तटाचा उरलेला तुकडा पाहून किल्ला कोणी जिंकला हे विचारावेसे वाटणार नाही. तो दिवस मोजू लागेल.