तिरक्या अक्षरांमधली बारीक रेघ

लेटेकमध्ये समीकरण लिहिलं की त्यातला 'एक्स' आपोआप तिरका होतो. एकदा झूम करून बघा. एक रेघ ठसठशीत, दुसरी केसाएवढी बारीक. हा फरक आला कुठून?

तिरकी अक्षरं, म्हणजे इटॅलिक, तशी जुनी. व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने १५०१ मध्ये व्हर्जिलचं छोटं पुस्तक इटॅलिकमध्ये छापलं. ती अक्षरं हस्ताक्षरावरून घेतलेली होती आणि त्यांत जाड-बारीक फरक फारसा नव्हता.

तो वाढला अठराव्या शतकात. बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल आधी सुलेखन शिकवायचा. १७५७ मध्ये त्यानेही व्हर्जिलच छापला, पण नुसते खिळे बदलून भागणार नव्हतं. खरखरीत कागदावर बारीक रेघ तुटते. म्हणून त्याने शाई जास्त काळी केली आणि कागद गुळगुळीत केला. पुढे पार्माचा बोदोनी आणि पॅरिसचे दिदो यांनी हा फरक टोकाला नेला.

लोकांनी कुरकुर केलीच. बेंजामिन फ्रँकलिनने बास्करव्हिलला पत्रातून एक किस्सा कळवला. एक गृहस्थ म्हणाले, या बारीक रेघांनी सगळ्या देशाचे डोळे जातील. फ्रँकलिनने त्यांच्यापुढे कॅसलनच्या अक्षरांचा नमुना ठेवला, वरचं नाव फाडून, आणि तो बास्करव्हिलचा आहे असं सांगितलं. गृहस्थांनी त्यातही तेच दोष दाखवले!

आता संशोधक म्हणून विचार करा. यातून बास्करव्हिलची अक्षरं वाचायला सोपी आहेत हे सिद्ध होतं का? नाही. नमुना एका माणसाचा, आणि सांगणारा बास्करव्हिलच्या बाजूचा. दिसतो तो फक्त पूर्वग्रह. नाव झाकून तपासणी का करायची, हे मात्र यातून छान कळतं.

आता लेटेककडे येऊ. १९७७ मध्ये डोनाल्ड क्नूथला आपल्या पुस्तकाची नवी प्रुफं आवडली नाहीत. जुन्या आवृत्तीत मोनोटाइपची 'मॉडर्न' अक्षरं होती, बोदोनी-दिदोच्या वळणाची. तेच रूप परत आणायला त्याने टेक आणि कॉम्प्युटर मॉडर्न फाँट बनवला. पण धातूच्या खिळ्याने छापताना शाई थोडी पसरायची, रेघ जाड व्हायची. स्क्रीनवर शाई नाही. म्हणून तुमची समीकरणं फिकट वाटतात.

मग थीसिसमध्ये काय करायचं? चलं आणि प्रजातींची नावं इटॅलिकमध्ये, एककं आणि 'साइन', 'लॉग' सरळ. ही खूण अर्थाची आहे, सजावटीची नाही. असा नाजूक फाँट मोठ्या शीर्षकात शोभतो, पण आलेखाच्या अक्षांवर किंवा प्रोजेक्टरवर बारीक रेघा हरवतात. तिथे जाड रेघेचा फाँट घ्या. आणि बाइंडिंगला देण्याआधी एक पान खऱ्या कागदावर, खऱ्या आकारात छापून बघाच.