भात्यावरचे विमान

संगीत नाटकांत वाजणारा ऑर्गन महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. पायाने भाता चालविला, की हवेच्या बळावर सूर उमटतो. याच भात्याने पुढे वैमानिकही घडविले, ही गोष्ट मात्र फारशी ठाऊक नसते.

न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो बनविण्याचा कारखाना होता. उड्डाणाचे शिक्षण महाग. म्हणून लिंकने 1929 साली ऑर्गनच्या भात्यांवर एक लहानसे विमान बसविले. दांडा हलविताच ते कले, वळे. पण जमीन सोडीत नसे. प्रारंभी ते करमणुकीचे खेळणेच ठरले.

1934 साली अमेरिकेत टपाल नेण्याचे काम लष्करी वैमानिकांवर आले आणि धुक्यात, हिमवादळात अनेकांनी प्राण गमावले. क्षितिज दिसेनासे झाले, की वैमानिकाचे शरीरच त्याला फसविते. वळणारे विमानही सरळ चालल्यासारखे वाटते. अशा वेळी शरीराचा कौल बाजूला सारून समोरच्या तबकड्यांवर विश्वास ठेवावयाचा असतो. हा विश्वास सरावानेच येतो. लष्कराने लिंकची सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिक त्यांवर शिकले.

आज डोळ्यांवर चढविलेल्या पडद्यात संपूर्ण विमानकक्ष उभा राहतो. डोळे फसतात, पण बोटे फसत नाहीत. चित्रातील कळ दाबू जाता हाती काहीच लागत नाही. युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने 2021 साली अशा पहिल्या शिक्षणसाधनास मान्यता दिली. ते हेलिकॉप्टरसाठी होते आणि त्यातील दांडे खरेच होते. लिंकच्या भात्याची जागा पडद्याने घेतली. हाताखालचा दांडा मात्र कायम राहिला.