यवनांचा मुक्काम आणि दक्षमित्रेची ओवरी

 

आज आपण बंदराच्या गोष्टी करणार आहोत. तुम्ही म्हणाल, राजूरला समुद्र कुठला? इथून समुद्र बघायचा तर रात्रभर प्रवास करावा लागतो. खरं आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेले व्यापारी आणि आपल्या भागातला माल एकाच वाटेला लागलेले होते. ही परक्या मुलखातली माणसं आली की उतरत कुठे, जेवत कुठे, पाणी कुणाचं पीत, आणि त्या सोयीचा पैसा कोण घालत होतं, एवढंच आज बघू.

विषय निघाला तो आमच्या गटाच्या बैठकीत. अंगारकीला राजुरेश्वराच्या दर्शनाला लोक रात्रीपासून चालत येतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात लेकुरवाळ्या असतात, म्हाताऱ्या असतात. त्यांना चार तास पाठ टेकायला जागा, आडोशाचा संडास, प्यायचं पाणी हवं. एकीचं म्हणणं, गटानं ही सोय करावी आणि माफक पैसे घ्यावेत. दुसरी म्हणाली, देवाला आलेल्या माणसाकडून कसले पैसे घेता? तो वाद त्या दिवशी मिटला नाही. मग आम्ही जुन्या काळाकडे वळलो, की आधीच्यांनी हे कसं केलं होतं.

आधी आपल्या शेजारचं घेऊ. राजूरहून पुढे भोकरदन. केळणा नदीच्या काठचं हे गाव फार जुनं, त्याचं जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या आणि भरहुतच्या स्तूपांना ज्यांनी दान दिलं त्यांची नावं तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत, आणि त्यांत भोगवर्धनच्या माणसांचा उल्लेख येतो. म्हणजे इथली माणसं पार मध्य प्रदेशापर्यंत जाऊन दान देण्याइतकी हिंडती-फिरती आणि पैसा राखून असलेली होती. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. त्यात एक हस्तिदंती बाई सापडली.

हिच्याशी फार जुळणारी दुसरी बाई कुठे सापडली ठाऊक आहे? इटलीत, पाँपेई गावात. इसवी सन ७९ मध्ये तिथला ज्वालामुखी फुटला आणि अख्खं गाव राखेखाली गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथलं एक घर खणताना ही वीतभर उंचीची भारतीय बाई निघाली. हातभर बांगड्या, पायात वाळे, कमरेला मेखला, दोन्ही बाजूंना दोन छोट्या सेविका. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिचं कोरीवकाम भोकरदनच्या बाईशी इतकं मिळतं, की तीसुद्धा आपल्याकडेच घडली असावी असं काही अभ्यासक म्हणतात. आपल्याला तालुक्याच्या गावाला जायचं तर आधी बसचं वेळापत्रक बघावं लागतं, आणि ही बाई इटलीला जाऊन बसली!

ती गेली कशी, ते एका ग्रीक वहीवरून कळतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं किनाऱ्याकिनाऱ्यानं कुठलं बंदर लागतं, तिथे काय विकलं जातं, काय घ्यावं, याची टिपणं लिहून ठेवली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. लिहिणाऱ्याचं नाव त्यात नाही. इजिप्तवर तेव्हा रोमचं राज्य होतं, पण अलेक्झांड्रिया हे तिथलं मोठं बंदर ग्रीकांनी वसवलेलं, आणि व्यापाराची भाषाही ग्रीक. आपल्याकडे या लोकांना यवन म्हणत. ग्रीकांच्या एका मुलखाचं नाव आयोनिया, त्यावरून योन, योनक, यवन.

हा व्यापारी लिहितो, की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिवकडचं तेर. पैठणहून रंगीत पट्ट्यांचे मौल्यवान खडे येतात, तेरहून सुती कापड. आणि हा माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून बंदराला नेतात. मैत्रिणींनो, हा धड रस्ता नसलेला मुलूख म्हणजे आपलाच मराठवाडा बरं का. भोकरदन पैठणहून उत्तरेला जाणाऱ्या वाटेवरचं गाव. गाड्या तिथे थांबत असणार, बैल सुटत असणार, चुली पेटत असणार.

बदल्यात काय येई तेही त्यानं लिहिलंय. दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, सुरमा, सोन्याचांदीची नाणी. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुलं आणि जनानखान्यासाठी देखण्या मुली. दारू आणि भांडी यांच्याच यादीत त्या मुली लिहिलेल्या आहेत. त्यांचं पुढे काय झालं, हे कुठल्याच वहीत नाही.

भडोचच्या खालची बंदरं सांगताना तो सोपारा आणि कल्याण यांची नावं घेतो. कल्याणचं एक गमतीचं आहे. तो म्हणतो, हे पूर्वी चांगलं चालतं बंदर होतं, पण आता राजकारणानं अडवलंय. चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच, तर पहारा बसवून त्याला भडोचला नेतात. म्हणजे दोन राजांच्या भांडणात पाहुण्याची वरात!

आता मुक्कामाकडे येऊ. ही जहाजं इजिप्तहून जुलैत, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास सुटत. पावसाळी वाऱ्यावर शिडं भरून समुद्र पार करत. परत जायला मात्र वारा उलटा व्हावा लागे, तो होतो हिवाळ्यात. मधला काळ माणसांना इथंच काढावा लागायचा. माल विकायचा, नवा भरायचा, जहाज दुरुस्त करायचं. अनोळखी मुलखात राहायचं म्हणजे छप्पर आलं, अन्न आलं, पाणी आलं.

त्याची उत्तरं नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर लिहिलेली आहेत. दहाव्या लेण्यात उषवदात नावाच्या माणसाचा लेख आहे. हा स्वतः शक, म्हणजे बाहेरून आलेल्या घराण्यातला, आणि राजा नहपान याचा जावई. त्यानं लिहून ठेवलंय, की भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे मी चौसोपी विश्रामघरं बांधली. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचं, आणि शूर्पारक म्हणजे सोपारा. चारांतली दोन तर बंदरंच. शिवाय विहिरी, तळी, बागा केल्या. पारदा, दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि नदीच्या दोन्ही काठांना बसायला सभा आणि पाण्यासाठी प्रपा केल्या. प्रपा हा शब्द अवघड वाटला ना? पाणपोईतली पोई म्हणजे हीच प्रपा. दोन हजार वर्षं झाली, शब्द अजून आपल्या तोंडात आहे.

त्या विश्रामघरांत यवन उतरले, असं लेखात लिहिलेलं नाही. पण अमक्याला दार बंद, असंही नाही. आणि यवन नुसते पाहुणे म्हणून आले न् गेले असंही झालं नाही. जुन्नरच्या डोंगरात तीन यवनांची दानं कोरलेली आहेत. इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे खडकात खोदलेली टाकी दिली. चित नावाच्या यवनानं संघासाठी भोजनमंडप दिला. कार्ल्याच्या लेण्यातले कित्येक खांब यवनांच्या नावावर आहेत. नाशिकला धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त हा उत्तरेकडचा योनक, त्यानं आईवडिलांसाठी लेणं आणि पाण्याची टाकी दिली. नावं बघा ना, धर्मदेव आणि इंद्राग्निदत्त. ही माणसं इथलीच होऊन गेली होती. ज्यांना कधीतरी दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यावं लागलं, त्यांनी पाण्याची टाकी खोदून दिली, असं आम्हाला यात दिसतं. अभ्यासक याला पुरावा म्हणणार नाहीत, पण बाईमाणसाला हे चटकन कळतं.

जुन्नरहून कल्याणकडे उतरणारा नाणेघाट माहीत असेल. घाटाच्या तोंडाशी एक लेणं आहे, आत भिंतीला धरून दगडी बाक आहेत, बाहेर पाण्याची टाकी. वाटसरूंनी टेकायची जागा ती. तिथल्या भिंतींवर सातवाहनांच्या राणीनं, नागनिकेनं, आपल्या घरानं केलेल्या यज्ञांचा आणि दानांचा लांबलचक हिशेब कोरलाय, गाई किती, घोडे किती, नाणी किती, अगदी आकड्यांत. हिशेबाची वही बाईकडे असण्याची रीत आपल्या गटांपासून सुरू झाली असं कुणी म्हणालं, तर त्याला नाणेघाट दाखवा.

आता पैशाचं. उषवदातानं नाशिकला जे लेणं दिलं, ते चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षूंसाठी. पावसाळ्यात जो कुणी तिथे राहील त्याच्या कपड्यालत्त्याची सोय व्हावी म्हणून त्यानं वर्ष ४२ मध्ये ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांचा संघ. २००० ठेवले दरमहा शेकडा एक व्याजानं आणि १००० ठेवले शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजाराच्या व्याजातून वीस भिक्षूंना दरसाल बारा-बारा कार्षापण. हिशेब करून बघा: शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस जणांना बारा म्हणजे २४०. चोख! आणि हा सगळा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असंही लेखात आहे. म्हणजे ठराव, वाचन, नोंद. तेही दोन-चार माणसांत कुजबुजून नाही.

आमच्या बैठकीतल्या वादाला हे इथे लागू पडतं. येणाऱ्याला सोय फुकट मिळत होती, हे खरं. पण ती फुकट चालत नव्हती. मागावर विणकर बसत होते, विकलेल्या कापडातून व्याज भरत होते, तेव्हा भिक्षूच्या अंगावर वस्त्र येत होतं. राजाच्या जावयाचं नाव दगडावर आलं, विणकरांपैकी एकाचंही आलं नाही. म्हणून गटानं सोय केली तर पैसे घ्यावेत की नाही, एवढाच प्रश्न आम्हाला पुरत नाही. कष्ट कुणाचे, मुद्दल कुणाचं आणि नोंद कुठे, हे आधी ठरवावं लागेल. आमचं मत विचाराल तर, पाणी आणि संडास यांचे पैसे घेऊ नयेत, अंथरूण-जेवणाचे घ्यावेत. सगळ्याजणींना ते पटलेलं नाही.

सोपाऱ्याचं थोडं सांगायचं राहिलं. आजचं नालासोपारा, पालघर जिल्ह्यात, जिथून रोज माणसं लोकलला लटकून मुंबईला जातात. खाडी गाळानं भरली आणि बंदर गेलं. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा ढिगारा खणला, तर आत स्तूप निघाला आणि त्यात दगडी करंडा. तिथेच सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडाही मिळाला. ती आज्ञा प्रवासाबद्दलच आहे: पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी हिंडत, मी लोकांना भेटायला आणि वडीलधाऱ्यांना दान द्यायला हिंडतो.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पराभव केला. त्याची आई गौतमी बलश्री हिनं नाशिकच्याच डोंगरात लेणं दिलं आणि माझ्या मुलानं शक, यवन, पल्हव यांचा नाश केला असं अभिमानानं कोरून घेतलं. त्याच डोंगरात यवन इंद्राग्निदत्ताचं लेणं आहे. ते कुणी फोडलं नाही, त्याचं नाव कुणी खरवडलं नाही.

नाशिकला गेलात तर दहावं लेणं जरूर बघा. व्हरांड्यात उषवदाताचे मोठे लेख आहेत, तिथे सगळे थांबतात. त्याच व्हरांड्यातल्या खोलीच्या दारावर एक छोटा लेख आहे. नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको दक्षमित्रा हिनं ही खोली दान दिली, एवढंच त्यात लिहिलंय. खोलीला तिथे शब्द वापरलाय ‘ओवरक’. आपण देवळातल्या ज्या ओवरीत पथारी टाकतो, तीच ही ओवरी.