धूर कुणाच्या वाट्याला?

मुंबई-गोवा महामार्गाने पेणला आलात की रामवाडी लागते. एसटीचे आगार, रिक्षांची रांग, चहाच्या टपरीवर गॅसची शेगडी. इथे उभे राहिले तर चुलीच्या धुराचा प्रश्न कधीच मागे पडला असे वाटेल. पण महामार्ग सोडून पेण किंवा रोहे तालुक्यातल्या डोंगराकडच्या एखाद्या वाडीत पहाटे जाऊन पाहा. कौलांच्या फटींतून धूर वर येताना दिसेल. लांबून ते दृश्य मोठे सुंदर दिसते. आत मात्र चुलीपुढे बसलेली बाई एका हाताने फुंकणी धरून दुसऱ्या हाताने डोळे पुसत असते, आणि तिच्या मांडीवर बहुधा लहान मूल असते.

धुराला बंदी, धुरावर नियंत्रण असे शब्द कानावर पडले की आपल्या डोळ्यांपुढे कारखान्यांची धुराडी येतात, रस्त्यावरचे ट्रक येतात. चूल येत नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्याकडे चुली सुधारण्याचे बरेच प्रयत्न झाले. तो इतिहास पाहताना एक गोष्ट सारखी जाणवते. धूर नाहीसा क्वचितच झाला. बहुतेक वेळा तो एकाच्या घरातून उठून दुसऱ्याच्या वाट्याला गेला.

मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला तो १९१२ साली. गिरणगावाच्या धुराड्यांनी आकाश काळे केले होते, त्यामुळे कायद्याचा रोख गिरण्या-कारखान्यांच्या भट्ट्यांवर होता. घरातली चूल त्याच्या कक्षेबाहेर राहिली. त्या काळी ते स्वाभाविकही होते. सरकारने लोकांच्या स्वयंपाकघरात डोकावावे, असे कुणाला वाटले असते? पण शहरातल्या लोकांनी आपल्या घरापुरता एक उपाय शोधलाच होता. तो म्हणजे कोळशाची शेगडी. चाळीतल्या खोलीत लाकूड पेटवणे अवघड, कोळसा मात्र पेटला की धूर करत नाही.

असे का होते ते थोडे समजून घेऊ. लाकूड तापले की त्यातून आधी ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग असा वायुरूपाने जातो. या वायूंना पुरेशी उष्णता, पुरेशी हवा आणि जळायला पुरेसा वेळ मिळाला तर त्यांची ज्योत होते. हवा कमी पडली, लाकूड ओले असले किंवा ज्योत भांड्याच्या थंड बुडाला लवकर टेकली, की ते अर्धवट जळतात. त्या अर्धवट जळण्यालाच आपण धूर म्हणतो. म्हणजे धूर हे वाया गेलेले जळणच. कोळसा पाडताना हे वायू भट्टीतच निघून गेलेले असतात. म्हणून शेगडीत धूर दिसत नाही, जरी बंद खोलीत कोळशाच्या निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो.

मग तो भट्टीतला धूर कुठे गेला? तो डोंगरात राहिला. ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांतल्या जंगलांत कोळशाच्या भट्ट्या लागत आणि त्यांवर राबणारे पुष्कळसे लोक कातकरी असत. या जमातीचे नावच मुळी खैराच्या लाकडापासून काथ काढण्याच्या धंद्यावरून पडले. पुढे कोळशाच्या भट्टीवर कुटुंबेच्या कुटुंबे महिनोन्‌महिने स्थलांतर करू लागली. शहराच्या शेगडीला बिनधुराचे जळण पुरवणारा माणूस दिवसा भट्टीचा धूर खाई, आणि त्याची बायको रात्री चुलीचा.

लाकूडही सहज मिळत नव्हते. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी डोंगरावरचा लाकूडफाटा सरकारी झाला होता. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. अक्कादेवीच्या डोंगरावर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. आपण तो स्वातंत्र्यलढ्यातला प्रसंग म्हणून आठवतो, आणि तो तसा आहेच. पण त्याच्या मुळाशी रानातल्या लाकडावर हक्क कुणाचा, हा चुलीशी येऊन भिडणारा प्रश्नही होता.

चुलीकडे विचारपूर्वक पाहण्याची सुरुवात आपल्याकडे वर्ध्याला झाली. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेवर मगनवाडी उभी राहिली आणि जे. सी. कुमारप्पांनी तिथे घाणी, जाते, हातकागद असे एकेक विषय हाती घेतले. स्वातंत्र्याच्या सुमारास तिथूनच ‘मगन चूल’ पुढे आली. मातीची, बंदिस्त, एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी चढवता येणारी आणि धुराडे असलेली. एका जाळावर दोन भांडी ही कल्पना आपल्या बायकांना नवी नव्हती. चुलीच्या बाजूचा वैल म्हणजे तेच. भात चुलीवर, आमटी वैलावर. मगनवाडीने त्या वैलाच्या पुढे धुराला वाट काढून दिली. १९५३ साली हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी अशीच धुराड्याची चूल तयार करून तिच्यावर पुस्तिका लिहिली. मराठवाडा तेव्हा त्याच हैदराबाद राज्यात होता. या दोन्ही प्रयत्नांत भर होता तो स्वयंपाकघर आणि बाईचे श्रम यांवर.

नेमक्या त्याच सुमारास लंडनमध्ये एक दुर्घटना घडली. डिसेंबर १९५२ मध्ये सलग पाच दिवस शहरावर धुक्यात मिसळलेला धूर बसून राहिला आणि हजारो माणसे दगावली. तो धूर कारखान्यांचा तर होताच, पण घराघरांतल्या कोळशाच्या शेकोट्यांचाही होता. त्यातून १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. तो थेट घरात शिरला. धूर-नियंत्रित भाग ठरवले गेले. तिथे मान्यताप्राप्त इंधनच जाळायचे, नाहीतर ज्या शेगडीला कायद्याने सूट दिली आहे तीच वापरायची, असा नियम झाला. पण नियम करून सरकार थांबले नाही. जुनी शेकोटी बदलण्याच्या खर्चाचा दहांपैकी सात हिस्से भार सार्वजनिक पैशातून उचलला गेला. कायदा, पैसा, इंधन आणि पारखून घेतलेली शेगडी या चारही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून लंडनचा धूर हटला.

आपल्याकडे या चार गोष्टी एकत्र आल्याच नाहीत. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगाचे लक्ष जळाऊ लाकडाकडे गेले आणि चुलीचा उद्देशच बदलला. आता बाईचे डोळे वाचवण्यापेक्षा जंगल वाचवणे पुढे आले. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो हे प्रत्यक्ष मोजले. ते आकडे शहरातल्या प्रदूषित रस्त्यांनाही मागे टाकणारे होते. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ‘निर्धूर चूल’ हा शब्द मराठी घरांत पोचला तो त्यातून. २००२ पर्यंत देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या.

आकडा मोठा होता, पण चुली टिकल्या नाहीत. मातीची चूल दोन-तीन वर्षांत खचते. धुराड्यात काजळी साठते आणि ते साफ केले नाही तर धूर उलटा घरात येतो. गवंड्याने चुलीचे तोंड दोन बोटे मोठे ठेवले की जाळ बिघडतो. शिवाय पेंढ्याच्या छपराला धुराची सवय असते, धूर गेला की कीड आणि वाळवी येते. माळ्यावरचे बियाणेही धुरावर टिकते. तांदळाच्या भाकरीला मोठा तवा लागतो आणि नव्या चुलीचे तोंड लहान. या गोष्टी चुलीपुढे बसणारीला ठाऊक होत्या, पण चूल बसवताना तिला विचारले गेलेच असे नाही. उद्दिष्ट किती चुली बसल्या याचे होते. किती पेटतात, हे मोजण्याची घाई नव्हती. आणि धुराड्याने धूर जाळला नाही, तो फक्त घराबाहेर काढला. वाडीत घरे एकमेकांना लागून असली की माझा धूर शेजारणीच्या दारात.

पुण्यात यावर वेगळा विचार झाला. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे, डॉ. प्रियदर्शिनी कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुलीकडे धंदा म्हणून पाहिले. माप चुकू नये म्हणून धातूचे साचे केले आणि कुंभार, गवंडी, बचतगटांतल्या बायका यांना चुली बनवून विकायला शिकवले. ‘लक्ष्मी’, ‘भाग्यलक्ष्मी’ ही नावे त्यातली. त्यांच्या ‘सराई’ कुकरमध्ये मूठभर कांडीकोळशावर वाफेने घरचा स्वयंपाक होई. विकत घेतलेली चूल माणूस सांभाळतो, आणि बनवणारा गावातच असला तर मोडलेली दुरुस्त होते, हा त्यामागचा साधा हिशेब. पुढे बॅटरीच्या छोट्या पंख्याने हवा देणाऱ्या, दाबून केलेल्या कांड्यांवर चालणाऱ्या शेगड्या आल्या. ‘ऊर्जा’ ही त्यांतली नावाजलेली. ती खरोखर स्वच्छ जळे. पण शेतकचऱ्याला कारखान्यांकडून मागणी आली, कांड्या महागल्या आणि घरगुती गिऱ्हाईक मागे फिरले. चूल चांगली असून भागत नाही, तिचे जळणही परवडावे लागते.

याचा पडताळा ओडिशात मिळाला. तिथल्या ४४ खेड्यांत सुमारे २६०० कुटुंबांकडे चार वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी नव्या चुलीने श्वासातला धूर कमी झाला. नंतर दुरुस्ती थांबली, वापर घटला आणि फायदा मावळला.

गॅसचे काय, असे आपण विचाराल. गॅसने स्वयंपाकघरातला धूर खरोखर संपतो, यात वाद नाही. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तिची आठ कोटींवी जोडणी औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातली ४३ टक्केच घरे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. सिलिंडर घरात आला तरी तो पुन्हा भरायला पैसे लागतात, म्हणून पुष्कळ घरांत चहा गॅसवर होतो आणि भाकरी, आंघोळीचे पाणी चुलीवर. ज्या उरण तालुक्यात लाकडासाठी माणसे गोळीला सामोरी गेली, तिथेच आज ओएनजीसीच्या प्रकल्पात समुद्रातून आलेल्या वायूतून स्वयंपाकाचा गॅस तयार होतो. तो दूरदूरच्या शहरांत जातो. जवळच्या डोंगरावरच्या वाडीत पोचायला मात्र त्याला वेळ लागतो.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. शहराच्या हवेसाठी ते योग्यच होते. पण १९१२ प्रमाणेच यावेळीही कायद्याची नजर रस्त्यावर येणाऱ्या धुरावर होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसे अकाली गेली. त्या धुराविरुद्ध तक्रार नोंदवायला कुणी जात नाही.

तेव्हा ज्या घरात अजून लाकूडच जाळावे लागते, तिथे चूल निवडताना इतिहासाने शिकवलेल्या चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, चूल तिच्या भांड्यांना आणि भाकरीच्या तव्याला जुळते का, हे स्वयंपाक करणारीने स्वतः एक वेळचा स्वयंपाक करून पाहावे. दुसरी, खालून हवा घेणारी जाळी आणि आच धरून ठेवणारी आतली पोकळी तिला असावी, कारण धूर तिथेच जळतो. कारखान्यात बनलेली चूल असेल तर भारतीय मानक ब्यूरोच्या चुलीसाठीच्या मानकाची खूण पाहावी. तिसरी, धुराडे असेल तर ते छपराच्या वर जावे, आणि महिन्या-पंधरा दिवसांनी साफ करता येईल असे असावे. चौथी, मोडली तर दुरुस्त करणारा हाकेच्या अंतरावर हवा. आणि चूल कोणतीही असो, लाकूड पावसाळ्याआधी फोडून, बारीक करून, कोरडे ठेवलेले असावे. ओल्या लाकडापुढे कोणत्याही चुलीची मात्रा चालत नाही.

पंचायतीला किंवा एखाद्या संस्थेला वाडीत चुली वाटायच्या असतील तर यादी करण्याआधी एक सकाळ तिथल्या चुलीपुढे बसून काढावी. फुंकणी हातात घ्यावी. पहिल्या दहा मिनिटांतच, कोणती चूल हवी हे कुणाला विचारायचे, ते कळेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)