शेवटच्या स्वरावरील आघात

इटालियन भाषेत ‘कान्तो’ म्हणजे ‘मी गातो’. आणि ‘कान्तो’ म्हणजेच ‘त्याने गायिले’. अवयव तेच दोन, कान् आणि तो. पहिल्यावर आघात दिला की वर्तमानकाळ, दुसऱ्यावर दिला की भूतकाळ. मराठीत आघाताने काळ पालटत नाही, म्हणून आपल्या कानांना हे प्रथम चमत्कारिक वाटते. इटालियन शब्दात आघात बहुधा उपान्त्य अवयवावर पडतो. अनेक अवयवांच्या शब्दात तो अन्त्य स्वरावर आला, तर लेखनात त्या स्वरावर तिरकी रेघ देतात. ‘मी गाईन’ या अर्थाच्या ‘कान्तेरो’ या रूपावरही ती रेघ असते, आणि तिच्यामागे एक हरवलेला शब्द आहे.

लॅटिनमध्ये ‘कान्ताबित्’ म्हणजे ‘तो गाईल’ आणि ‘कान्तावित्’ म्हणजे ‘त्याने गायिले’. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत दोन स्वरांमधील ब आणि व यांचे उच्चार एकमेकांत मिसळू लागले. होणारे आणि झालेले यांतील भेद कानाला कळेना. जुना भविष्यकाळ मागे पडण्याचे हे एक कारण. लोकांच्या बोलण्यात दुसरी रचना रुळली: ‘कान्तारे हाबेओ’, म्हणजे जवळजवळ आपले ‘मला गायचे आहे’. पुढे ‘हाबेओ’ झिजून नुसता ‘ओ’ उरला आणि धातूला चिकटला. आघात मात्र त्याने सोडला नाही. फ्लॉरेन्सच्या बोलीत आघातहीन ‘आर्’चा ‘एर्’ झाला, आणि ‘कान्तेरो’ सिद्ध झाले.

अशा जोडरूपाचा एक फार जुना लेखी पुरावा इटलीत नव्हे, तर फ्रँक लोकांच्या देशात, फ्रेडेगार याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सातव्या शतकातील बखरीत सापडतो. बादशहा जस्टिनियन पराभूत इराणी राजाकडे प्रांत परत मागतो. राजा जुन्या लॅटिन रूपात ‘देणार नाही’ म्हणतो. जस्टिनियन उत्तरतो, ‘दारास’, म्हणजे ‘देशील’. आणि त्यावरूनच त्या स्थळाचे नाव दारास पडले, असे बखरकार सांगतो. ही व्युत्पत्ती अर्थातच खोटी. दारा हे तटबंदीचे नगर जस्टिनियनच्या आधी, सहाव्या शतकाच्या आरंभी, अनास्तासियस बादशहाने वसविले होते. परंतु इतिहास चुकला तरी व्याकरण खरे निघाले, कारण ‘दारे’ आणि ‘हाबेस’ यांचा सांधा येथे पूर्ण जुळलेला आहे.

इटालियन संकेतार्थात तो सांधा आजही उघडा दिसतो. ‘कान्तेरेब्बे’ म्हणजे ‘तो गाईल, जर…’. त्यातील ‘एब्बे’ म्हणजे ‘त्याच्यापाशी होते’, आणि हा शब्द त्या भाषेत अजून स्वतंत्रपणे नांदतो.